दार उघडण्याची विद्या

कोणतीहि विद्या पुरी झाली असें म्हणावयाचें तर तिचीं दोन अंगें साधावीं लागतात. एक अंग वस्तु निर्माण करण्याचें. दुसरें, ती ज्याच्यासाठीं निर्माण केली त्याच्या हातीं नीट पोंचविण्याचें. १८४२ सालीं अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचें 'ज्ञानोदय' पत्र सुरू झालें, तेव्हां अंक छापून झाला म्हणजे काम संपलें असें कोणीं मानिलें नसेल. अंक वाचकाच्या हातीं पडे तेव्हांच तें संपे. आज आमचे विद्यार्थी संगणकावर जे प्रोग्राम रचतात त्यांसहि हाच न्याय लागू आहे. परंतु पहिल्या अंगास प्रदर्शनांत बक्षिसें मिळतात, टाळ्या पडतात. दुसऱ्या अंगाकडे सहसा कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. त्या दुसऱ्या अंगाविषयीं चार शब्द लिहावे असा ह्या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण घेऊं. नववी-दहावींतील चार मुलें मिळून शाळेच्या ग्रंथालयासाठीं एक वेब ॲप्लिकेशन तयार करतात, अशी कल्पना करा. पुस्तकाचें नांव टाइप केलें कीं तें कपाटांत आहे, कीं कोणीं नेलें आहे, कीं बांधणीस गेलें आहे, हें पडद्यावर दिसतें. मुलें हुशार आहेत. त्यांनीं तो प्रोग्राम, त्याचा डेटाबेस व त्यांस लागणारें सारें सामान डॉकर नांवाच्या साधनानें कंटेनरांत, म्हणजे पेट्यांत, बसविलें आहे. संगणकाच्या खोलींतील यंत्रावर तें सारें सुरेख चालतें. मग एकाच्या मनांत येतें कीं, सुट्टीच्या दिवशीं सर्वांस घरूनहि तें पाहतां यावें. घरीं जाऊन पत्ता टाइप करतात, तों पान उघडतच नाहीं. 'आमच्या यंत्रावर तर चालतें!' हें जगांतील सर्व प्रोग्राम रचणारांचें वाक्य तेथेंहि ऐकूं येतें.

ह्या अडलेल्या जागीं शिक्षकानें काय सांगावें? माझें मत स्पष्ट आहे. बंद पेटींतील प्रोग्राम जगास दिसेल असा करणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, व ती शाळेनें शिकविली पाहिजे. आणि ज्याला दार लावतां येत नाहीं त्यानें तें उघडूं नये, हा त्या विद्येचा पहिला धडा असला पाहिजे.

प्रथम पेटीचाच विचार करूं. कंटेनर हा शब्द संगणकवाल्यांनीं बंदरावरून उचलला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन ह्या मालमोटारींचा धंदा केलेल्या अमेरिकन गृहस्थाचें 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघालें. तोंवर गोण्या, पिंपें व खोकीं सुटीं सुटीं चढवावीं व उतरवावीं लागत. ह्या नव्या रीतींत पेटी एकदां भरली कीं मालमोटार, आगगाडी व जहाज ह्यांपैकीं कोणासहि आंत काय आहे हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं. १९८९ मध्यें सुरू झालेलें आपल्याकडील न्हावा शेवा बंदर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्या पेट्यांचे डोंगर ठाऊकच आहेत. २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स ह्यांनीं डॉकर जगापुढें मांडला तो ह्याच कल्पनेवर. प्रोग्रामाचें सामान एकदां पेटींत भरलें कीं ती पेटी ह्या यंत्रावर जशी चालली तशीच त्या यंत्रावर चालावी, हा तिचा मोठा लाभ होय.

परंतु पेटीचा दुसरा गुण विद्यार्थी विसरतात. ती बंद असते. तिच्यांतील प्रोग्रामास स्वतःचें निराळें लहानसें जाळें मिळतें, आणि आपण सांगितल्यावांचून यंत्राबाहेरच्या कोणास आंत येण्याची वाट सहसा नसते. मुलांस हा दोष वाटतो. तो दोष नव्हे. ती घराची भिंत आहे. भिंत आहे म्हणूनच दाराला अर्थ आहे.

आतां दारें मोजूं. पेटींतील प्रोग्रामापासून घरीं बसलेल्या वाचकापर्यंत एक दार नाहीं, चार आहेत.

पहिलें दार पेटीच्या आंतच आहे. प्रत्येक यंत्रास स्वतःशींच बोलण्यासाठीं १२७.०.०.१ हा पत्ता असतो, आणि पायथन भाषेंतील फ्लास्कसारखें साधन शिकाऊ अवस्थेंत त्याच पत्त्यावर कान देऊन बसतें. पेटींत त्या पत्त्याचा अर्थ 'ही पेटी' एवढाच होतो. म्हणजे प्रोग्राम आपल्याशींच पुटपुटत असतो. बाहेरून कितीहि हांका मारल्या तरी त्याला त्या ऐकूं जात नाहींत. त्याला ०.०.०.० वर, म्हणजे पेटीच्या सर्व पत्त्यांवर, ऐकावयास सांगावें लागतें. हेंहि सांगून ठेवावें कीं, फ्लास्कचा तो शिकाऊ सर्व्हर लोकांच्या उपयोगासाठीं चालवूं नये असें त्याच्या कर्त्यांनींच बजावलें आहे. त्याच्या जागीं त्या कामासाठींच केलेला पक्का सर्व्हर ठेवावा.

दुसरें दार पेटी व यंत्र ह्यांच्यामधलें. येथें पोर्ट ही कल्पना समजली पाहिजे. यंत्राचा पत्ता हा चाळीचा पत्ता मानला तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक होय. 'यंत्राच्या ८०८० व्या खोलीवर आलेला निरोप पेटीच्या ५००० व्या खोलींत द्यावा', अशी आज्ञा डॉकरास दिली म्हणजे हें दार उघडतें. परंतु येथें एक खांच आहे. आज्ञेंत अधिक कांहीं न सांगितल्यास डॉकर तें दार यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उघडतो. शिवाय लिनक्सवर तो पहाऱ्याचे नियम स्वतःच लिहितो. त्यामुळें यूएफडब्ल्यू ह्या नेहमींच्या पहारेकऱ्यास 'हें पोर्ट बंद' असें सांगून निश्चिंत झालेल्या मनुष्याचें पोर्ट सताड उघडें राहतें. ज्याला हें ठाऊक आहे तो आज्ञेंत पोर्टाच्या आधीं १२७.०.०.१ लिहून तें दार यंत्रापुरतेंच ठेवतो, आणि बाहेरच्या जगासाठीं एक द्वारपाळ नेमतो. त्याचें वर्णन पुढें येईल.

तिसरें दार म्हणजे शाळेचा राउटर. शाळेंतील यंत्रांस बहुधा १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते असतात. हे खाजगी पत्ते होत. १९९६ मध्यें ठरलेल्या नियमाप्रमाणें ते कोणीहि आपल्या घरांत वापरावे; पण घराबाहेर त्यांस किंमत नाहीं. 'माजघर' हें नांव प्रत्येक घरांत चालतें, पण टपालाच्या पाकिटावर तेवढेंच लिहून भागत नाहीं, तसाच हा प्रकार. अमुक पोर्टावर आलेला निरोप अमुक यंत्रास द्यावा, हें राउटरला निराळें सांगावें लागतें.

चौथें दार पुष्कळांस ठाऊकहि नसतें, आणि आपल्या देशांत घरगुती जोडणीची अडचण पुष्कळदां तेथेंच असते. इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे. ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटि. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील शेवटचे गट वांटून संपले. म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागें अनेक घरें बसवितात, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्यें ह्याच कामासाठीं राखून ठेवण्यांत आले. अशा घरीं राउटरचें दार कितीहि उघडलें तरी बाहेरचें फाटक कंपनीच्या हातीं असतें. मुलें रात्र रात्र राउटरशीं झगडतात आणि दोष आपल्या बुद्धीस देतात. खरें कारण असें कीं, त्यांच्या घरास रस्त्यावरचा पत्ताच नाहीं. हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. राउटर आपला बाहेरचा म्हणून जो पत्ता दाखवितो तो, आणि बाहेरच्या जगास आपला जो पत्ता दिसतो तो, हे दोन ताडून पाहावे. ते निराळे निघाले तर मध्यें दुसरें फाटक आहे असें समजावें. एवढें शिक्षकानें आधींच सांगितलें तर किती कष्ट वांचतील!

ह्या फाटकावर तीन उपाय आहेत, आणि कोणता घ्यावा हें ठरवितांना विवेक लागतो. पहिला उपाय नव्या १२८ बिटांच्या पत्त्यांचा, ज्यांस आयपीव्ही६ म्हणतात. आपल्या देशांत त्यांचा प्रसार पुष्कळ झाला आहे, आणि त्या पद्धतींत प्रत्येक यंत्रास रस्त्यावरचा पत्ता मिळूं शकतो. परंतु ज्या वाचकाच्या घरीं तो नवा मार्ग पोंचलेला नाहीं त्याला केवळ त्या पत्त्यावरचें पान दिसणार नाहीं. दुसरा उपाय असा कीं, सार्वजनिक पत्ता असलेला एखादा सर्व्हर दरमहा भाड्यानें घ्यावा आणि पेटी उचलून तेथेंच नेऊन ठेवावी. पेटी उचलतां येते हा तिचा गुण येथें कामास येतो, आणि शाळेच्या जाळ्यास मुळींच हात लावावा लागत नाहीं. तिसरा उपाय बोगद्याचा. शाळेंतील यंत्रावरचा एक लहान प्रोग्राम आपण होऊन बाहेरच्या मध्यस्थाच्या सर्व्हरशीं जोडणी करतो. वाचक त्या मध्यस्थाकडे येतात, आणि त्यांचे निरोप त्याच जोडणींतून आंत पोंचतात. एनग्रॉक, क्लाउडफ्लेअर वगैरे कंपन्या अशी सेवा देतात. ती थोड्या मिनिटांत उभी राहते, म्हणूनच मुलांस तिचा मोह पडतो.

बोगद्याविषयीं दोन गोष्टी विद्यार्थ्यांस सांगितल्याच पाहिजेत. एक अशी कीं, अशा पुष्कळ सेवांत संदेशाचें कुलूप मध्यस्थाच्या यंत्रावर उघडतें. म्हणजे टपाल नेणारास पाकीट वाचतां येतें. दुसरी अशी कीं, बोगदा आंतून खणला जातो. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्यानें लावलेलीं सर्व दारें जशींच्या तशीं बंद दिसतात, आणि मागच्या भिंतींतून वाट झालेली असते. म्हणून बोगदा खणावयाचा तर परवानगीनें, आणि कोठें खणला हें लिहून ठेवूनच खणावा. परवानगीवांचून खणलेला बोगदा कितीहि सुबक असला तरी ती चोरवाटच होय.

वाट झाली म्हणजे नांवाचा प्रश्न येतो. आंकड्यांचे पत्ते कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. म्हणून पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं १९८३ मध्यें रचलेली डीएनएस नांवाची पद्धति नांवावरून पत्ता शोधून देते. मराठी वाचकास संतोषाची गोष्ट अशी कीं, २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी शेवट असलेलीं नांवें मिळतात, आणि ज्या भाषांसाठीं तो प्रथम खुला झाला त्यांत मराठी व कोंकणी ह्या दोन्ही होत्या. आपल्या शाळेचें नांव आपल्या लिपींत दारावर असावें, ह्यांत मोठेंसें कांहीं नाहीं. पण तें शोभतें.

नांवानंतर शिक्का. वाचकाचा पासवर्ड वाटेंत कोणीं वाचूं नये, आणि समोरचें दार खरोखर त्याच नांवाचें आहे अशी त्याची खात्री पटावी, ह्यासाठीं प्रमाणपत्र लागतें. पूर्वीं ह्यास बहुधा पैसे पडत. २०१५ च्या डिसेंबरापासून लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सर्वांस तें फुकट देऊं लागली. तेव्हां पैशाची सबब उरली नाहीं. मुदत मात्र तिनें आरंभापासून ९० दिवसांचीच ठेवली, व ती आणखी आखूड करण्याचें जाहीर केलें आहे. ह्यांत शहाणपण आहे. शिक्का आपोआप नवा होण्याची व्यवस्था ज्यानें केली नाहीं त्याचा निष्काळजीपणा तीन महिन्यांत उघडा पडतो.

आतां तो द्वारपाळ. इगोर सिसोयेव्ह ह्यांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स, किंवा त्याच्या मागून आलेला कॅडी, हे असे प्रोग्राम होत. जगासाठीं ४४३ हें एक दार. ८० व्या दारावर आलेल्यास तिकडेच वळवावयाचें. तेथें द्वारपाळ उभा असतो व शिक्का त्याच्यापाशीं असतो. येणाऱ्याचा निरोप तो आंतल्या पेटीस देतो व उत्तर बाहेर आणतो. ग्रंथालयाच्या प्रोग्रामाची पेटी त्याच्या मागें, आणि डेटाबेसची पेटी तिच्याहि मागें. डेटाबेसला बाहेरचें पोर्ट देण्याचें कारणच नाहीं. दोन्ही पेट्या डॉकरमध्यें स्वतः रचलेल्या एकाच आंतल्या जाळ्यावर ठेवल्या कीं त्या एकमेकींस नांवानें हांक मारूं शकतात. पाहुण्यांसाठीं ओटी असते. माजघर कोणी रस्त्यावर बांधीत नाहीं.

येथवर दार कसें उघडावें हें झालें. माझा मुख्य मुद्दा त्याच्या पुढें आहे.

अडलेल्या मनुष्याची रीत अशी कीं, तो एक एक दार तपाशीत नाहीं. सगळींच उघडून पाहतो. पान दिसत नाहीं, तर पहारा बंद कर. तरी दिसत नाहीं, तर राउटरवरचीं सारींच पोर्टें त्या यंत्राकडे वळव. तरी नाहीं, तर डेटाबेसचेंहि पोर्ट उघड आणि पासवर्ड काढून टाक. शेवटीं पान दिसतें व आनंद होतो. पण कोणत्या उघडण्यानें तें दिसलें हें कोणास ठाऊक नसतें, म्हणून कोणतेंच दार पुन्हां लावलें जात नाहीं. ह्या सवयीचें फळ जगानें पाहिलें आहे. २०१७ च्या जानेवारींत मोंगोडीबी जातीचे हजारों डेटाबेस पासवर्डावांचून उघडे सांपडले. दुष्टांनीं त्यांतील माहिती पुसून टाकली आणि ती परत देण्याच्या नांवाखालीं खंडणी मागितली. तेथें कोणीं कुलूप फोडलें नव्हतें. कुलूप लावलेलेंच नव्हतें. डॉकरला दुरून आज्ञा देण्याचें जें दार आहे तें २३७५ ह्या पोर्टावर तसेंच उघडें टाकलें, तर येणारा वाटसरू त्या यंत्राचा धनीच होऊन बसतो. अशीं यंत्रें हेरून त्यांवर परक्यासाठीं आभासी चलन मिळविण्याचें काम चोरून चालविल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत.

'आमच्या लहानशा शाळेचा पत्ता कोणास ठाऊक?' असें पुष्कळजण विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, तो शोधूं म्हणणाऱ्या कोणासहि सांपडतो. २०१३ मध्यें मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं झेडमॅप नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. वेगवान जोडणी असलेल्या एका यंत्रावरून जुन्या पद्धतीच्या साऱ्या सार्वजनिक पत्त्यांवर एका पोर्टाची थाप मारून येण्यास त्याला ४५ मिनिटेंहि लागत नाहींत. शिवाय असें प्रमाणपत्र निघालें कीं त्यावरचें नांव सार्वजनिक नोंदवहींत चढतें, आणि ती वही कोणासहि वाचतां येते. दारावर पाटी लागली त्याच दिवशीं भल्याबुऱ्या सर्वांस ती दिसूं लागते. आपल्याकडे कोणी पाहत नसेल ही आशा म्हणजे पहारा नव्हे.

ग्रंथालयाच्या प्रोग्रामांत चोरण्यासारखें काय आहे, असेंहि कोणी म्हणूं नये. पुस्तकांची यादी निरुपद्रवी आहे. परंतु कोणत्या मुलीनें कोणतें पुस्तक नेलें, तिचा वर्ग कोणता, घरचा पत्ता कोणता, पालकांचा फोन कोणता, हेंहि त्याच डेटाबेसांत असतें. एखादें मूल घरच्या आजारपणाविषयीं, एखादें आपल्या मनाच्या दुःखाविषयीं पुस्तक नेतें, आणि तें कोणास सांगत नाहीं. हें गुपित त्यानें ग्रंथपालाच्या विश्वासावर ठेवलेलें असतें. तें एकदां रस्त्यावर आलें म्हणजे कोणत्याहि उपायानें परत आंत घेतां येत नाहीं. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेंहि १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी हें तत्त्व घालून दिलें आहे. पण कायदा नसता तरी शिक्षकाचें कर्तव्य तेंच राहिलें असतें.

ह्यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, इतकें भय आहे तर मुलांस ह्या वाटेस जाऊंच देऊं नये. ह्या पक्षाचा हेतु चांगला, पण उपाय खोटा आहे. बंदी केली म्हणून मुलें थांबत नाहींत. तीं घरून, मोबाइलच्या जोडणीवरून, बोगदा खणतात, आणि कांहीं बिघडलें तर शिक्षकास सांगण्याची सोय मात्र नाहींशी होते. गांवांत विहीर आहे म्हणून मुलास पोहणें शिकवूं नये असें आपल्या खेड्यांतील कोणी शहाणा म्हणत नाहीं. तो मुलाच्या पाठीस भोपळा बांधतो आणि स्वतः पायरीवर उभा राहतो.

दुसरा पक्ष म्हणतो, तयार सेवा हव्या तितक्या आहेत. प्रोग्राम त्यांच्या स्वाधीन केला कीं पत्ता, नांव, शिक्का सारें मिळतें. मग हीं चार दारें मोजण्याची यातायात कशाला? ह्यांत तथ्य आहे. ज्या शाळेंत सर्व्हरची रोजची निगा राखणारा कोणी नाहीं तिनें चांगली तयार सेवा घेणें हें बेवारशी सर्व्हर चालविण्यापेक्षां केव्हांहि बरें. परंतु सेवा दाराची व्यवस्था पाहते. दारामागें काय ठेवावें हें ती सांगत नाहीं. शिवाय सेवा हा दुसऱ्याचा धंदा आहे. हेरोकू ह्या प्रसिद्ध सेवेनें आपली फुकट सोय नोव्हेंबर २०२२ मध्यें बंद केली, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्यांस पैसे भरणें, बिऱ्हाड हलविणें किंवा प्रोग्राम मिटणें ह्यांतून निवड करावी लागली. ज्यांस आपली पेटी उचलतां येते व नव्या जागीं दार लावतां येतें त्यांस अशा वेळीं भय नाहीं. तयार सेवा घ्यावी. पण ती अज्ञानामुळें घेऊं नये, समजून घ्यावी.

मग शाळेनें काय करावें? माझ्या मतें पांच गोष्टी पुरेत. पहिली, दार उघडण्याचा अभ्यास नेहमीं खोट्या नांवांच्या, कल्पित माहितीवर करावा. आणि खरा प्रोग्राम उघडतांना पुस्तकांची यादी तेवढी बाहेर ठेवून, कोणीं काय नेलें ती नोंद त्या प्रोग्रामापासून निराळ्या डेटाबेसांत, शाळेच्या आंतच ठेवावी. जें बाहेर नाहीं तें बाहेरून चोरीस जात नाहीं. दुसरी, दार उघडल्यावर शाळेच्या जाळ्याबाहेर जाऊन, मोबाइलच्या जोडणीवरून, आपल्याच दारांवर थाप मारून पाहावी. ठरविलेल्या दाराखेरीज दुसऱ्या कोणत्याहि दारानें उत्तर देतां कामा नये. तिसरी, एक वही ठेवावी. कोणतें पोर्ट, कोणत्या तारखेस, कोणीं, कशासाठीं उघडलें आणि तें केव्हां लावावयाचें, हें तींत शाईनें लिहावें. चौथी, डोमेनचें नांव, भाड्याचा सर्व्हर व सर्व किल्ल्या शाळेच्या नांवावर असाव्या, आणि निदान एक किल्ली कायम शिक्षकाकडे असावी. पांचवी, दर सहामाहीस एकदां सारें मुद्दाम बंद करावें, राखून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हां उभें करावें, आणि पेट्यांतील सामान ताज्या आवृत्तीवर आणावें.

चौथ्या व पांचव्या गोष्टीवर माझा विशेष भर आहे. दहावीची परीक्षा होते, तीं चारहि मुलें निरनिराळ्या महाविद्यालयांत जातात, आणि प्रोग्राम मात्र चालूच राहतो. त्याच्या पेट्यांत तीन वर्षांपूर्वींचें सामान असतें. त्या सामानांतील नवनवे दोष जगास कळत जातात, पण दुरुस्त करणारें कोणी नसतें. किल्ली कोणापाशीं आहे हें विचारावें तर एकजण म्हणतो माझ्याजवळ नव्हती, दुसऱ्याचा जुना ईमेलच बंद झालेला असतो. ओसाड वाड्याचें दार असें वर्षानुवर्षें उघडें राहतें, आणि त्यावर पाटी आमच्या शाळेची असते. म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, प्रदर्शनांत बक्षीस द्यावयाचें तर एक प्रोग्राम उघडणाऱ्यास द्यावें, आणि दुसरें, वर्ष संपतांना आपला प्रोग्राम नीट आवरून, किल्ल्या मोजून देऊन, दार लावून जाणाऱ्यास द्यावें.

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानांतील दिव्याचा दृष्टांत तुम्हीं लहानपणापासून ऐकला आहे. दिवा झांकून ठेवण्यासाठीं नसतो, हें त्यांतलें शिक्षण. आणि म्हणून तुमचा प्रोग्राम पेटींतच राहावा असें मी म्हणणार नाहीं. तो उघडा करा. आपल्या शाळेच्या चार भिंतींपलीकडील मुलांस त्याचा उपयोग होऊं द्या. परंतु दिव्यास तेल घालणारा व वाऱ्यापासून त्याला राखणारा कोणी लागतो, आणि मेंढरांच्या वाड्याच्या दाराशीं राखणदार असतो, हेंहि त्याच ग्रंथांत तुम्हीं वाचलें आहे. ज्या दिवशीं तुमचें ग्रंथालयाचें पान घरबसल्या एखाद्या मुलास दिसेल त्या दिवशीं मी तुम्हांस दोन प्रश्न विचारीन. त्याच्यामागें कोणकोणतीं दारें बंद आहेत? आणि हें उघडें दार तुमच्यानंतर कोण लावणार? दोहोंचीं उत्तरें तुम्हांस एका दमांत देतां आलीं, तर तुमची विद्या पुरी झाली असें मी समजेन.